नाशिकच्या हवेचा अंदाज घ्यायचा, तर आधी वारा पाहावा

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपण मोबाइलवर हवा गुणवत्ता निर्देशांकाचा एक आकडा पाहतो. तो शंभराच्या खाली असला तर निर्धास्त होतो आणि दोनशेच्या वर गेला तर चिंतेत पडतो. हा आकडा उपयोगाचा आहे, पण एकटा तो पुरत नाही. वाहने, कारखाने, चुली आणि रस्त्यांची कामे यांतून रोज जवळपास तितकाच धूर आणि धूळ बाहेर पडत असताना एखाद्या दिवशी हवा मोकळी असते आणि दुसऱ्या दिवशी घसा खवखवतो, याचे कारण बहुतेक वेळा वाऱ्यात सापडते. कोणतेही महागडे उपकरण विकत न घेता नाशिक शहरातल्या रहिवाशाला आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर भागातल्या शेतकऱ्याला वारा पाहता यावा, आणि त्यावरून फिरायला केव्हा जावे, खिडक्या केव्हा उघडाव्यात, फवारणी केव्हा करावी हे ठरवता यावे, यासाठी ही पद्धत सांगत आहे.

वाऱ्याबद्दल तीन गोष्टी माहीत करून घ्यायच्या असतात: तो कोठून येतो, किती वेगाने वाहतो, आणि जमिनीपासून किती उंचीपर्यंतची हवा त्या वेळी एकमेकांत मिसळते आहे. पहिल्या दोन डोळ्यांना दिसतात. तिसरी दिसत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते, आणि नाशिकच्या हिवाळ्यात नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

दिशा आणि घराभोवतीचा नकाशा

वारा जिकडून येतो त्या दिशेचे नाव त्याला मिळते. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा वारा. हवामान खात्याच्या अंदाजातही हाच संकेत पाळला जातो. काही अ‍ॅपवरचा बाण मात्र वारा जिकडे जातो तिकडे रोखलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तो प्रत्यक्ष वाऱ्याशी ताडून पाहावा. दिशा पाहण्यासाठी गच्चीवर जावे, कारण इमारतींच्या मध्ये वारा वळतो, उलटा फिरतो आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला चुकीची दिशा दाखवतो. देवळाच्या शिखरावरचा ध्वज, लांबच्या धुराड्याचा धूर किंवा उंच झाडाचा शेंडा यांवर विश्वास ठेवावा. वारा इतका मंद असेल की ध्वजही हलत नाही, तर उदबत्ती पेटवून तिचा धूर कोणीकडे झुकतो ते पाहावे.

त्यानंतर एका कागदावर मध्यभागी आपले घर मांडावे, आठ दिशा आखाव्यात आणि साधारण पाच किलोमीटरच्या आत धूर किंवा धूळ निर्माण करणारे जे काही आहे ते त्या त्या दिशेला लिहावे. या नकाशाला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही आणि तो पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. नाशिकचेच उदाहरण घेतले तर सातपूरची औद्योगिक वसाहत शहराच्या पश्चिमेला आहे. पश्चिमेचा वारा असेल तेव्हा तिथली हवा महात्मानगर, कॉलेज रोड या बाजूला येते आणि नैर्ऋत्येचा वारा असेल तेव्हा गंगापूर रोडकडे वळते. अंबड वसाहतीतून पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या वाऱ्यात हवा सिडकोकडे आणि इंदिरानगरकडे जाते. वारा पूर्वेचा झाला की याच दोन वसाहतींची हवा उलट दिशेला, त्र्यंबक रस्त्यालगतच्या गावांकडे जाऊ लागते. एकलहरे येथील ६३० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र नाशिकरोडच्या ईशान्येला आहे. हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यात त्याचा धूर नाशिकरोड आणि देवळालीच्या दिशेने जातो, तर पश्चिमेच्या वाऱ्यात निफाडच्या बाजूला. अशा उंच धुराड्याचा धूर जवळच्या वस्तीवर न उतरता काही किलोमीटर पुढे जमिनीला लागतो, म्हणून पाच किलोमीटरचा नियम त्याला लावू नये.

या नकाशात रस्ते विसरू नयेत. मुंबई-आग्रा महामार्ग, द्वारका चौक, मुंबई नाका यांच्या जवळ राहणाऱ्यांसाठी कारखान्यापेक्षा रस्त्याची दिशा अधिक निर्णायक असते. २०२७च्या सिंहस्थासाठी चाललेली रस्त्यांची आणि पुलांची कामेही नकाशावर मांडावीत, कारण खोदलेली माती, खडी आणि त्यावरून जाणारे डंपर हे या काळातले मोठे धुळीचे उगम आहेत.

वेग, डोळ्यांनी मोजलेला

ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याचा वेग त्याच्या परिणामांवरून ओळखण्याची एक श्रेणी तयार केली होती. तिचे जमिनीवरचे रूप आजही तितकेच उपयोगी आहे. धूर सरळ वर जात असेल तर वेग ताशी १ किलोमीटरपेक्षा कमी. धूर झुकतो, पण चेहऱ्याला वारा जाणवत नाही, तेव्हा ताशी १ ते ५ किलोमीटर. चेहऱ्याला वारा लागतो आणि पाने सळसळतात, तेव्हा ६ ते ११. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलतात आणि हलका ध्वज फडकून पसरतो, तेव्हा १२ ते १९. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले की २० ते २८.

वेगाचा प्रदूषणाशी असलेला मूळ हिशेब सोपा आहे. एखाद्या रस्त्यावरून दर मिनिटाला ठरावीक धूर बाहेर पडत असेल आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर तोच धूर दुप्पट हवेत वाटला जातो आणि बाकी परिस्थिती तीच असेल तर त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. वारा धूर नाहीसा करत नाही. तो पातळ करतो आणि पुढच्या गावी नेतो.

हा हिशेब एका मर्यादेपर्यंतच चालतो. वेग ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला आणि जमीन कोरडी असली, तर वारा स्वतःच धूळ उचलू लागतो. येवला, नांदगाव या कोरड्या पूर्व तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत नांगरून ठेवलेल्या शेतांवरून उठणारी धूळ हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. जोराचा वारा फार लांबूनही धूळ आणू शकतो: जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्रावरून गुजरात आणि मुंबईपर्यंत पोहोचले, आणि वारा चांगला वाहत असूनही मुंबईची हवा त्या दिवशी वाईट झाली. म्हणून माझ्या मते नाशिकमध्ये पाने सळसळण्यापासून ध्वज पसरण्यापर्यंतचा, म्हणजे ताशी ६ ते १९ किलोमीटरचा वारा हाच स्वच्छ हवेसाठी सर्वांत भरवशाचा समजावा.

न दिसणारी उंची

दिवसा उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते आणि वरची हवा खाली येते. या ढवळण्यामुळे धूर जितक्या उंचीपर्यंत मिसळतो तिला मिश्रण उंची म्हणतात. उन्हाळ्याच्या दुपारी ती दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहून अधिक असू शकते. हिवाळ्याच्या रात्री आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, जमीन आपली उष्णता वर सोडून झपाट्याने गार होते आणि तिला टेकलेली हवाही गार होते. मग खाली गार आणि वर तुलनेने उबदार अशी उलटी रचना तयार होते. शाळेच्या भूगोलात आपण तिला तापमानाची विपरीतता म्हणून शिकलो. गार हवा जड असल्याने वर जात नाही, आणि धूर शे-दोनशे मीटरच्या थरात, झाकण ठेवलेल्या भांड्यातल्या वाफेप्रमाणे, कोंडून राहतो. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात हेच घडले. थंडीमुळे कोळसा जास्त जळत होताच, त्यातच वारा थांबला आणि हवा कोंडली, आणि त्यात हजारो माणसे दगावली.

मिश्रण उंची आणि वाऱ्याचा सरासरी वेग यांचा गुणाकार केला की हवेची धूर वाहून नेण्याची क्षमता कळते. उदाहरणादाखल, मे महिन्यातल्या दुपारी उंची २००० मीटर आणि वेग सेकंदाला ५ मीटर (ताशी १८ किलोमीटर) धरला तर गुणाकार १०,००० येतो. जानेवारीच्या पहाटे उंची २०० मीटर आणि वेग सेकंदाला १ मीटर धरला तर तो २०० येतो. पन्नास पटींचा हा फरक आहे. दिल्लीसाठी दिल्या जाणाऱ्या अंदाजात हा गुणाकार ६००० पेक्षा कमी आणि वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा मंद असेल, तर प्रदूषण पांगण्यास परिस्थिती प्रतिकूल मानतात.

ही उंची मोजण्याचे यंत्र आपल्याकडे नसले तरी तिच्या खुणा ओळखता येतात. पहाटे लांबच्या धुराड्याचा धूर थोडा वर जाऊन आडव्या पट्ट्यासारखा सपाट पसरत असेल, चुलींचा धूर घरांच्या वर थर धरून तरंगत असेल, पानांवर दाट दव असेल आणि पांडवलेणीच्या किंवा म्हसरूळच्या डोंगरावरून शहराकडे पाहिल्यावर खाली करडा पट्टा आणि वर स्वच्छ निळे आकाश अशी सरळ रेघ दिसत असेल, तर विपरीतता आहे असे समजावे. याउलट धूर वर-खाली हेलकावे घेत लांब जात असेल तर हवा चांगली ढवळली जात आहे.

येथे एका वेळेकडे विशेष लक्ष द्यावे. सूर्य उगवल्यानंतर जमीन तापू लागते आणि ढवळणे खालून सुरू होते, पण वरचा उबदार थर अजून फुटलेला नसतो. अशा वेळी रात्रभर वर साचलेला धूर एकदम खाली, माणसांच्या नाकापर्यंत येतो आणि त्यातच सकाळची वाहतूक सुरू होते. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी सात ते दहा ही वेळ शहरासाठी अनेकदा सर्वांत वाईट असते, आणि नेमक्या याच वेळी आपण हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर किंवा गोदाकाठी फिरायला जातो. ज्यांना दमा आहे, ज्यांचे हृदय नाजूक आहे, आणि घरातली लहान मुले, यांच्यासाठी डिसेंबर-जानेवारीत फिरण्याची वेळ सकाळी दहानंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास ठेवावी, असा माझा आग्रह आहे. खिडक्याही याच हिशेबाने अकरा ते चार उघड्या ठेवाव्यात आणि सूर्यास्तापूर्वी बंद कराव्यात.

नाशिकची भूमी आणि ऋतू

जून ते सप्टेंबर पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा वारा सह्याद्री ओलांडून जोराने येतो, त्याला पावसाची जोड मिळते आणि हवा वर्षातली सर्वांत स्वच्छ होते. पाऊस मोठे धूलिकण सहज धुऊन काढतो, अतिसूक्ष्म कण मात्र त्याला तितके सापडत नाहीत. ऑक्टोबरमध्ये वारा पडतो आणि दिशा बदलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मंद, पूर्वेचा किंवा ईशान्येचा वारा, निरभ्र रात्री आणि विपरीतता हा आपला कठीण काळ असतो. मार्चपासून उन्हाने हवा उंचावर ढवळली जाते आणि वारा पुन्हा पश्चिमेकडून येऊ लागतो.

रात्रीची गार हवा जड असल्यामुळे उताराने नदीपात्राकडे उतरते. त्र्यंबकेश्वर आणि अंजनेरीच्या डोंगरांपासून गोदावरीचे खोरे पूर्वेकडे उतरत जाते आणि पुढे निफाडचा सखल भाग लागतो. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले तापमानाचे हिवाळी नीचांक दरवर्षी बातम्यांत येतात. जिथे थंडी साचते तिथे धूरही साचतो, ही गोष्ट मात्र त्या बातम्यांत येत नाही. पंचवटी आणि गोदाघाट हे शहराचे सखल भागही याच कारणाने पहाटे अधिक कोंदट असतात.

गल्ली आणि महामार्ग

भद्रकाली, रविवार कारंजा, मेन रोड अशा अरुंद आणि दोन्ही बाजूंनी उंच इमारती असलेल्या भागांत गच्चीवर वारा असूनही खाली तो पोहोचत नाही. वारा रस्त्याला आडवा असेल तर इमारतींच्या मध्ये हवेचा भोवरा तयार होतो आणि ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूच्या इमारतींच्या पायथ्याशी धूर अधिक साचतो. मोकळ्या रस्त्यावर मात्र याच्या अगदी उलट, वारा येतो ती बाजू स्वच्छ असते. महामार्गालगत चालताना वारा आपल्याकडून रस्त्याकडे जात असेल ती बाजू धरावी. दिवसा चांगल्या वाऱ्यात वाहनांच्या धुराचे प्रमाण रस्त्यापासून साधारण २०० ते ३०० मीटरमध्ये बरेच उतरते. पहाटेच्या स्थिर हवेत हा पट्टा त्याहून कितीतरी रुंद होतो.

शिवारातली हवा

गावाची हवा चांगलीच, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. शहरावरून वारा ज्या गावाकडे जातो त्याला शहराचा धूर तर मिळतोच, शिवाय ओझोन हा जमिनीलगत अपायकारक ठरणारा वायूही मिळतो. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडून काही तासांनी ओझोन तयार होतो, तोपर्यंत वाऱ्याने ती हवा शहराबाहेर नेलेली असते; शहरातल्या रस्त्यांवर वाहनांचा ताजा धूर त्याला खाऊन टाकतो, मोकळ्या शिवारात तो टिकतो. द्राक्षवेल ही ओझोनला संवेदनशील वनस्पतींपैकी एक आहे. तिच्या पानांवर पडणारे बारीक गडद ठिपके १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातील बागांमध्ये ओझोनमुळे होत असल्याचे ओळखले गेले होते.

शिवाराचे स्वतःचे धूरही आहेत: उसाचे पाचट, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, वीटभट्ट्या, खडी क्रशर. त्यांतला एक नाजूक विषय म्हणजे कडाक्याच्या थंडीत द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत पहाटे पेटवल्या जाणाऱ्या शेकोट्या. वर्षभराचे पीक एका रात्रीत जाऊ शकते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या शेकोट्यांबद्दल दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट असावी: बागेला वाचवते ती आगीची ऊब, धूर नव्हे. जमिनीतून निघून जाणारी उष्णता धुराच्या थराने फारशी अडत नाही. त्यामुळे ओला पालापाचोळा किंवा टायर जाळून मुद्दाम धूर करण्याने वेलीला लाभ होत नाही आणि तो धूर विपरीततेत अडकून सकाळी आपल्याच वस्तीवर बसतो. कोरडी लाकडे, लहान आणि अनेक ठिकाणी पेटवलेल्या शेकोट्या, आणि शक्य असेल तिथे पहाटे बागेला पाणी देणे हा मार्ग अधिक उपयोगी आहे. छाटणीच्या काड्या आणि पाचट यांची मशिनने कुट्टी करून ती जमिनीवर आच्छादन म्हणून पसरवली, तर जाळण्याची गरजच राहत नाही. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ मधील आदेशानुसार ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई आकारता येते, हेही माहीत असावे.

फवारणीबाबत उलटाच गैरसमज आहे. वारा अगदी पडलेला असताना फवारणी केली तर औषध वाया जात नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पहाटेच्या स्थिर हवेत ब्लोअरमधून निघालेले बारीक थेंब खाली बसत नाहीत. ते थरात तरंगत राहतात आणि हवा थोडी सरकली की शेजारच्या वस्तीवर जातात. ताशी ३ ते १५ किलोमीटरचा, एकाच दिशेने वाहणारा आणि घरांपासून दूर जाणारा वारा फवारणीस योग्य मानतात. म्हणून सूर्य वर येऊन दव उतरल्यावर, पण ऊन तापण्याआधी फवारणी करावी. हवामान खात्याच्या ‘मेघदूत’ अ‍ॅपवर पुढील काही दिवसांच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा मिळते. फवारणीचा दिवस ठरवताना पावसाबरोबर हा रकानाही पाहावा.

आता आकडा पाहावा

राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो आणि ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० खराब, ३०१ ते ४०० अति खराब आणि ४०१ ते ५०० गंभीर अशा सहा पायऱ्या आहेत. धूलिकणांसाठी त्यात २४ तासांची सरासरी धरतात. त्यामुळे रात्री वारा पडून हवा बिघडली तरी पहाटे दिसणारा निर्देशांक कालच्या मोकळ्या दुपारचाही असतो. आणि दुपारी वारा सुटून हवा सुधारली तरी आकडा उशिरा उतरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर दर तासाचे आकडे मिळतात, ते पाहावेत. गंगापूर रोडवरच्या केंद्राचा आकडा पाहताना त्या वेळी वारा तिथून आपल्याकडे येत आहे की आपल्याकडून तिकडे जात आहे, हेही लक्षात घ्यावे.

पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) आणि पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे अतिसूक्ष्म कण) हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले तर फार काही कळते. वारा जोराचा आहे, पीएम १० वाढला आहे आणि पीएम २.५ तितकासा हललेला नाही, तर ती बहुधा धूळ आहे: रस्ता, बांधकाम किंवा कोरडे शेत. वारा पडला आहे आणि पीएम २.५ झपाट्याने वाढत आहे, तर तो बहुधा धूर आहे आणि तो जवळचाच आहे. भारतातील २४ तासांची मर्यादा पीएम २.५ साठी प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आणि पीएम १० साठी १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी ती १५ सुचवली.

नोंदवही आणि तक्रार

एका साध्या वहीत सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ या वेळांना वाऱ्याची दिशा, बोफर्टच्या खुणेनुसार वेग, धुराचा आकार, दूरचा डोंगर स्पष्ट दिसतो की नाही, वास आणि त्या तासाचा पीएम २.५ एवढे लिहावे. हिवाळ्यातले चार-सहा आठवडे लिहिले की कोणत्या दिशेच्या वाऱ्यात आपल्याकडे हवा बिघडते, हे दिसू लागते.

महानगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे तक्रार करताना ही वही फार कामाची ठरते. ‘आमच्या भागात धूर येतो’ एवढेच लिहिले तर पाहणीसाठी येणारा अधिकारी दुपारी येतो, तेव्हा वारा फिरलेला असतो आणि त्याला काही आढळत नाही. त्याऐवजी तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, अंदाजे वेग आणि धूर कोणत्या बाजूने आला हे लिहावे, तशाच वाऱ्याच्या इतर दिवशीच्या नोंदी जोडाव्यात, आणि वारा दुसऱ्या दिशेचा असताना त्रास झाला नाही अशा दिवसांच्या नोंदीही अवश्य द्याव्यात. कारण उगम कोठे आहे याचा सर्वांत भक्कम पुरावा बहुधा त्या दिवसांत मिळतो. पाहणी कोणत्या वेळी आणि कोणत्या दिशेच्या वाऱ्यात व्हावी, ही विनंतीही त्याच अर्जात स्पष्ट शब्दांत करावी.